हसणाऱ्यांचा हातभार

मुंबईतल्या एका ८० वर्षांच्या गृहस्थांनी एप्रिल २०२३ मध्ये फेसबुकवर एका अनोळखी महिलेला मैत्रीची विनंती पाठवली. तिने ती स्वीकारली नाही. थोड्या दिवसांनी तिच्याच खात्यावरून उलट विनंती आली, बोलणे सुरू झाले आणि लवकरच ते व्हॉट्सॲपवर गेले. आपण नवऱ्यापासून वेगळ्या राहतो, पदरी मुले आहेत, मुलांची तब्येत बरी नाही, असे तिने सांगितले. पैसे जाऊ लागले. मग दुसरी बाई आली, पहिलीच्या ओळखीची म्हणून. तिसरी आली ती पहिलीची बहीण म्हणून: पहिली वारली, तिचे हॉस्पिटलचे बिल थकले आहे, असा निरोप घेऊन. पैसे परत मागितल्यावर हिने जीव देण्याची धमकी दिली. शेवटी चौथी. जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे २१ महिन्यांत, ७३४ व्यवहारांतून सुमारे ८ कोटी ७० लाख रुपये गेले होते. बचत संपल्यावर त्यांनी सुनेकडून २ लाख घेतले, मुलाकडे ५ लाख मागितले, आणि तेव्हा कुठे घरात कुणकुण लागली. डॉक्टरांकडे नेल्यावर स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. त्या चार बायका म्हणजे मुळात एकच व्यक्ती असावी, असा पोलिसांचा संशय होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये ही बातमी छापून आली आणि लोक हसले. लोकलमध्ये, सोसायटीच्या बाकड्यावर, नातेवाइकांच्या ग्रुपवर. ‘म्हातारचळ’ हा तयार शब्द हाताशी होताच. ८० वर्षांच्या खातेदाराच्या खात्यातून रोज सरासरी एकाहून अधिक वेळा, दर वेळी सरासरी लाखाच्या वर रक्कम बाहेर पडते आहे, हे कोणत्या यंत्रणेच्या नजरेस पडायला हवे होते, असा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला. स्मृतिभ्रंशाचे वाक्य बातमीच्या तळाशी होते. तिथपर्यंत वाचायच्या आधीच मंडळी हसून मोकळी झाली होती.

हे हसू फुकटचे नाही. प्रेमाचे सोंग घेऊन लुटणाऱ्यांच्या धंद्याला भांडवल म्हणून लागते ते एक सिमकार्ड, एक चोरलेला फोटो आणि दुसऱ्याच्या नावावरचे बँक खाते. चौथी गोष्ट त्यांना आपण पुरवतो: फसलेल्या माणसाची लाज. लाज वाटली की माणूस गप्प बसतो. गप्प बसला की वेळ जातो, आणि या गुन्ह्यात वेळ गेला म्हणजे पैसे गेले. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. शेअर ट्रेडिंगच्या ॲपमध्ये बुडालेला माणूस चडफडत का होईना, पण फोन करतो. प्रेमात फसलेली बाई मात्र आधी आठवडाभर रडते, मग आरशात बघून स्वतःला शिव्या देते, मग भावाला सांगावे की बहिणीला याचा विचार करते. तोवर पैसे तिसऱ्या राज्यातल्या एटीएममधून निघालेले असतात.

फ्रान्समध्ये २०२५च्या जानेवारीत जे घडले, ते यासाठी बघण्यासारखे आहे. ५३ वर्षांच्या एका इंटिरिअर डिझायनर बाईंनी ‘टीएफ१’ या वाहिनीवर आपली कहाणी सांगितली. हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट असल्याचे भासवून कुणीतरी त्यांच्याशी सुमारे दीड वर्ष संबंध ठेवला होता. आधी ‘ब्रॅडच्या आई’चा संदेश, मग स्वतः ‘ब्रॅड’, कविता, लग्नाची मागणी. मग घटस्फोटाच्या खटल्यामुळे आपली खाती गोठली आहेत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपचार चालू आहेत, अशी रड; सोबतीला हॉस्पिटलच्या खाटेवरचे, एआयने बनवलेले फोटो. गेले ८ लाख ३० हजार युरो, त्यातला मोठा हिस्सा त्यांच्या स्वतःच्या घटस्फोटातून मिळालेला. त्या पुढे आल्या त्या इतरांनी सावध व्हावे म्हणून. त्यावर अख्ख्या देशाने त्यांची इतकी टर उडवली की वाहिनीने तो कार्यक्रमच मागे घेतला. तुलूजच्या फुटबॉल क्लबने ‘ब्रॅड सामन्याला येणार आहे’ अशा छापाचा विनोद केला आणि नंतर माफी मागितली. नेटफ्लिक्सच्या फ्रेंच शाखेने हीच संधी साधून ब्रॅड पिटच्या ‘खऱ्याखुऱ्या’ चित्रपटांची जाहिरात करून घेतली. हा तमाशा पाहून फ्रान्समधल्या आणखी किती जणांनी आपली तक्रार गिळून टाकली असेल, याची नोंद कुठेही होणार नाही.

‘इतके कसे कळले नाही?’ हा प्रश्न विचारणारा माणूस गोष्ट शेवटाकडून वाचत असतो. फसणारा ती सुरुवातीकडून जगत असतो, आणि सुरुवातीला पैशाचे नावही नसते. सकाळी ‘उठलात का’, दुपारी ‘जेवलात का’, रात्री ‘पाठदुखी कशी आहे आज’. ज्या घरात दिवसभर कुणी असे विचारत नाही, तिथे हे प्रश्न काय वजनाचे असतात ते पंचविशीतल्या माणसाला कळणार नाही. अशा एखाद्या बाईंचे घर घ्या: मुलगा न्यू जर्सीत, सून कामात, नातवंडांचा फोन रविवारी. नवऱ्याला जाऊन चार वर्षे झाली आहेत, आणि आता बाईंच्या पाठदुखीची चौकशी करणारा जगात एकच माणूस उरला आहे. तो स्कॉटलंडच्या समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनिअर आहे, किंवा येमेनमध्ये तैनात असलेला लष्करी डॉक्टर. व्यवसाय असेच निवडलेले असतात, की माणूस दूर असावा, इभ्रतदार असावा आणि व्हिडिओ कॉल न करण्याला त्याच्याकडे सबब असावी.

महिना-दोन महिन्यांनी भेटवस्तू निघते. दागिने, आयफोन, क्वचित पाकिटात परकीय चलन. पार्सल दिल्ली विमानतळावर ‘अडकते’ आणि कस्टम्स अधिकारी म्हणवणाऱ्या बाईचा हिंदीत फोन येतो. आधी ३५ हजार ड्युटी, मग पावणेदोन लाख दंड, मग मनी लाँड्रिंगची केस होईल ही भीती. इथपर्यंत आल्यावर बाई प्रेमापोटी पैसे भरत नसतात. पोलीस घरी येतील या धास्तीने भरत असतात. कस्टम्स खाते कुणाच्याही खासगी खात्यात पैसे मागत नाही, आणि २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, तो त्यांच्याच संकेतस्थळावर तपासता येतो. ही माहिती दहा वेळा जाहीर झाली आहे. पण घाबरलेला माणूस संकेतस्थळ उघडत नाही. तो आपल्या माणसाला फोन करतो, आणि त्या घडीला त्याचे ‘आपले माणूस’ म्हणजे नेमका हा भामटाच असतो.

समोर कोण असते? एखादा मवाली तरुण, सायबर कॅफेत बसलेला? वीस वर्षांपूर्वी नायजेरियातल्या टोळ्यांबद्दल हे चित्र कदाचित बरोबर होते. नंतर त्यांची जागा कारखान्यांनी घेतली. म्यानमारच्या म्यावाडी भागातले ‘केके पार्क’, कंबोडियातले सिहानुकव्हिल: कुंपण, पहारेकरी, रांगेने मांडलेले संगणक, पाळ्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३च्या अहवालात म्हटले होते की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा ठिकाणी जबरदस्तीने कामाला जुंपलेली असावीत. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली ही पोरे-पोरी. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ५४९ भारतीयांना परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून साठाहून अधिक भारतीयांच्या सुटकेची आणि त्यांना तिकडे पाठवणाऱ्या एजंटांच्या अटकेची माहिती दिली.

म्हणजे नाशिकच्या एखाद्या बाईंना रात्री ‘जेवलीस का’ विचारणारा दुबईतला देखणा व्यावसायिक हा प्रत्यक्षात सोळा तास उपाशी बसवलेला बी.कॉम. झालेला मुलगा असू शकतो. ठरलेले गिऱ्हाईक मिळाले नाही तर मार खाणारा. दोघांचीही फसवणूक एकाच छापील संहितेने झालेली. हे कळल्यावर हसणे थोडे कठीण होते. या धंद्यातले चिनी टोळीवाले आपल्या पद्धतीला डुक्कर कापण्याची उपमा देत आले: आधी खाऊ घाला, मग कापा. इंटरपोलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर आवाहन केले की पोलिसांनी आणि माध्यमांनी तरी फसलेल्या माणसांना डुक्कर म्हणणे थांबवावे, कारण त्या शब्दाच्या लाजेपायी लोक पुढे येत नाहीत. मराठी बातम्यांत तो शब्द फारसा रुळला नाही, हे बरेच झाले. आपल्याकडे ‘आंटी’ आणि ‘आजोबा’ आहेत.

किती लोक पुढे येत नाहीत याचा अदमास सरकारी आकड्यांतूनच येतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२४च्या पहिल्या चार महिन्यांचे आकडे दिले होते. ट्रेडिंगच्या नावाखालच्या फसवणुकीत गेले सुमारे १,४२० कोटी रुपये. प्रेम आणि डेटिंगच्या फसवणुकीत, अख्ख्या देशात, १,७२५ तक्रारी आणि १३ कोटी २३ लाख. सबंध देशाचे चार महिन्यांत १३ कोटी, आणि मुंबईतल्या एकट्या गृहस्थांचे २१ महिन्यांत पावणेनऊ! हे गणित जुळत नाही. एक तर लोक तक्रार करत नाहीत; किंवा करतात तेव्हा ‘एका ॲपमध्ये पैसे गुंतवले होते’ इतकेच सांगतात. ते ॲप कुणी सुचवले, ती व्यक्ती किती महिने रोज गुड मॉर्निंग करत होती, हे पोलीस ठाण्याच्या बाहेर ठेवून येतात. ‘ट्रेडिंग’च्या रकान्यातले कितीतरी कोटी मुळात प्रेमप्रकरणांचे असणार. लोभी ठरलेले परवडले, पण प्रेमात वेडे ठरलेले नको, असा हा हिशेब आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ मध्ये सुमारे ७० हजार माणसांनी अशा तक्रारी केल्या होत्या आणि नुकसान १३० कोटी डॉलरचे होते. अमेरिकन माणूस भारतीयांपेक्षा भोळा आहे असे समजायचे कारण नाही.

आता थोडे आपल्या अंगणात. खोट्या ओळखीवर लग्न जमवणे ही इंटरनेटने आणलेली साथ नव्हे. देवलांच्या ‘संगीत शारदा’तला भद्रेश्वर दीक्षित १८९९ पासून रंगभूमीवर आहे, दलालीसाठी विजोड स्थळ गळी उतरवणारा. बायोडेटात पगार थोडा वाढवणे, उंची अर्धा इंच ताणणे, आधीचा मोडलेला साखरपुडा विसरणे, ‘निर्व्यसनी’ हा शब्द सवयीने टाकणे, याला आपण फसवणूक म्हणतच नाही. वधू-वर सूचक मंडळात बसलेल्या कुणालाही विचारा. या सगळ्यावर उतारा एकच होता, तो म्हणजे चौकशी. स्थळ सांगून आले की मामा सहज म्हणून मुलाच्या ऑफिसात जाऊन यायचा, आत्या शेजाऱ्यांकडे पाणी प्यायला थांबायची, घराच्या दारातल्या किराणा दुकानदाराला उधारीबद्दल विचारले जायचे. या चौकशीने पुष्कळ जणांचा जीव नकोसा केला, जात आणि पत्रिका यांच्या नावाखाली किती चांगली स्थळे मोडली, ते वेगळेच. पण माणूस आहे की नाही, एवढे तरी ती सांगायची.

ही चौकशी पहिल्या लग्नाला होते. दुसऱ्याला होत नाही. इथेच खरी भेग आहे, आणि भामट्यांना ती समाजशास्त्राच्या प्राध्यापकांच्या आधी दिसली. जुलै २०२४ मध्ये मीरा-भाईंदर-वसई-विरार पोलिसांनी चाळिशी ओलांडलेल्या एका माणसाला पकडले. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवरून त्याने २०१५ पासून वीसहून अधिक महिलांशी लग्ने केली, रोख आणि दागिने घेऊन पोबारा केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याने हेरलेल्या बहुतेक महिला विधवा किंवा घटस्फोटित. नालासोपाऱ्याच्या एका महिलेने तक्रार दिली म्हणून प्रकरण उघडले. त्याआधी २०२२ मध्ये भुवनेश्वरला असाच एक गृहस्थ सापडला होता. आरोग्य खात्यातला मोठा डॉक्टर म्हणून त्याने वेगवेगळ्या राज्यांत डझनाहून अधिक लग्ने केल्याचा आरोप होता. बायका शिकलेल्या, कमावत्या.

या महिलांच्या घरी काय झाले असेल ते सांगायला पोलिसांचा जबाब लागत नाही. ‘दुसरेपणाचे आहे, गाजावाजा नको.’ देवळात हार घालायचे, रजिस्टर नंतर बघू, जवळची चार माणसे. मामाला मुलाच्या ऑफिसात पाठवायला आता तोंड नसते, कारण पलीकडच्यांनी उलट आपल्याच मुलीची चौकशी सुरू केली तर? एकदा नशीब फुटलेल्या पोरीला माणूस मिळतो आहे, तर फार खोदू नये. ज्या बाईने सर्वांत जास्त खबरदारी घ्यायला हवी, तिच्याच वाट्याला सर्वांत कमी चौकशी येते. आणि फसल्यावर ‘आधीच एकदा मोडले होते’ हेही तिच्याच नावावर चढते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: वापरणाऱ्याची ओळखपत्रे घ्या, लग्नाचाच हेतू असल्याचे लिहून घ्या, इंटरनेट पत्त्याच्या नोंदी ठेवा. सूचना चांगल्या आहेत. पण ओळखपत्रावरून माणसाचे नाव कळते. त्याला आधीच्या अकरा बायका आहेत हे त्यावर छापलेले नसते.

पैसे गेले की निदान गुन्हा तरी दिसतो. पैसे गेलेच नाहीत तर?

लंडनमधल्या किरत अस्सी या भारतीय वंशाच्या रेडिओ निवेदिकेची गोष्ट २०२१ मध्ये ‘स्वीट बॉबी’ या पॉडकास्टमुळे जगाला कळली. पुढे नेटफ्लिक्सने त्यावर माहितीपटही काढला. २०१०च्या सुमारास फेसबुकवर ओळख झालेला ‘बॉबी’ नावाचा एक डॉक्टर. ओळखीपाळखीच्या समाजातलाच, नात्यागोत्याचे धागे जुळणारा. मग त्याच्यावर केनियात गोळीबार झाला, तो अमेरिकेत साक्षीदार-संरक्षणात गेला, त्याला आजारपणे आली; आणि २०१५च्या आसपास मैत्रीचे प्रेम झाले. रात्र-रात्र फोन चालू ठेवून झोपायचे, कुठे जायचे-कुणाला भेटायचे यावर त्याचा पहारा. त्याच्या भोवती आई, भाऊ, मित्र, डॉक्टर अशी पन्नासेक पात्रे होती. २०१८ मध्ये किरतने खासगी गुप्तहेरामार्फत बॉबीचा पत्ता शोधला आणि थेट दार वाजवले. दार उघडणाऱ्या खऱ्या माणसाने तिला आयुष्यात कधी पाहिले नव्हते. सगळी पात्रे चालवणारी एकच व्यक्ती होती: तिची स्वतःची नात्यातली बहीण, जी या सबंध काळात तिच्या दुःखात खांद्याला खांदा लावून बसत होती.

एक पैसाही मागितला गेला नव्हता. गेली होती ती तिशीतली वर्षे, नोकरी, तब्येत. पोलिसांकडून खटला उभा राहिला नाही. शेवटी दिवाणी दाव्यात तडजोड झाली, भरपाई आणि माफीनामा मिळाला. बहिणीने असे का केले, या प्रश्नाचे उत्तर अजून कुणाकडे नाही, आणि पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना तेच सर्वांत जास्त सलते. माणसाला दुसऱ्याच्या आयुष्याची दोरी हातात असण्याची चटक लागते, एवढेच फार तर म्हणता येईल.

हे भारतात घडले तर? गंमत अशी, की आपला कायदा या बाबतीत कागदावर अधिक उदार आहे. फसवणुकीची जी व्याख्या १८६० च्या दंडसंहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये कायम राहिली, तिच्यात नुकसान फक्त मालमत्तेचे मानलेले नाही. शरीर, मन, प्रतिष्ठा किंवा मालमत्ता, असे शब्द आहेत. फसवून एखाद्याकडून असे काही करवून घेतले जे त्याने एरवी केले नसते, आणि त्यामुळे त्याच्या मनाला इजा पोहोचली, तर ती फसवणूकच. तोतयेगिरीला कलम ३१९ आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचे. संगणकाच्या आधाराने तोतयेगिरी केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड, तीन वर्षांपर्यंत. नव्या संहितेच्या कलम ६९ मध्ये तर ओळख लपवून लग्न करण्याच्या बहाण्याने स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. एवढे सगळे असूनही तक्रारदाराला ठाण्यात पहिला प्रश्न येतो तो ‘किती गेले?’ रक्कम शून्य असेल तर अंमलदार पेन खाली ठेवतो. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना मन म्हणजे काय ते कळले होते. ठाण्यातल्या टेबलावर ते अजून पोहोचायचे आहे.

पुढचे दिवस अधिक कठीण आहेत, कारण आता समोरचा चेहराही संगणकाने बनवलेला असू शकतो. नलदमयंतीचे आख्यान मराठी माणसाला रघुनाथ पंडितांमुळे परिचयाचे आहे. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचे रूप घेऊन बसले. दमयंतीसमोर पाच हुबेहूब नळ. महाभारतातली दमयंती खरा नळ ओळखते तो खुणांवरून: देवांना घाम येत नाही, त्यांची माळ सुकत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, पापणी लवत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या विद्यापीठात सिवेई ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीपफेक चेहरे ओळखायची जी युक्ती प्रसिद्ध केली ती हीच होती. त्या चेहऱ्यांच्या पापण्या जवळजवळ लवतच नव्हत्या, कारण ज्या फोटोंवरून ते चेहरे शिकले त्यांत बहुतेकांचे डोळे उघडे होते. युक्ती जाहीर झाली आणि थोड्याच काळात डीपफेक चेहऱ्यांच्या पापण्या लवू लागल्या. दमयंतीची एक गोष्ट चांगली होती: तिने कळवळून विनवल्यावर देवांनी आपली खरी लक्षणे प्रकट केली. हाँगकाँग पोलिसांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये पकडलेल्या २७ जणांच्या टोळीकडून तशी अपेक्षा नव्हती. एका औद्योगिक गाळ्यात बसून ही टोळी डीपफेक चेहरे लावून व्हिडिओ कॉलवर प्रेम करत होती. डिजिटल मीडिया शिकलेली मुले कामाला ठेवलेली, बोलायचे कसे याची पुस्तिका तयार. सुमारे साडेचार कोटी डॉलर त्यांनी गोळा केले आणि फसलेल्यांत भारतातली माणसेही होती. ‘एकदा व्हिडिओ कॉल करून बघा’ हा आजवरचा खात्रीचा सल्ला त्या गाळ्यात मोडीत निघाला.

मग उरते ते प्रत्यक्ष भेटणे, आणि भेटण्याआधी चार माणसांना सांगणे. यातले दुसरे आपल्याकडे अवघड करून ठेवले आहे. साठीनंतर सोबत हवी असे म्हणणाऱ्या आईला मुले ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात, आणि ती मग लोकांना कळणार नाही अशा जागी सोबत शोधते. तशी जागा म्हणजे फोन. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी ‘हॅपी सीनियर्स’ नावाने काम सुरू केले, तेव्हा त्यांचीही टिंगल झालीच. पण तिथे माणसे एकमेकांसमोर बसतात, नावागावासकट बोलतात. सायबर सुरक्षेच्या शंभर व्याख्यानांनी जे होत नाही, ते अशा उघड्या बैठकीत आपोआप होते, कारण तेलविहिरीवरचा इंजिनिअर तिथे येऊच शकत नाही. प्रत्येक तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाने महिन्यातून एकदा अशी बैठक घ्यायला हरकत नसावी. हास्यक्लब आहेत, भजनी मंडळे आहेत. हे का नको?

वर्तमानपत्रांनाही यातून सूट नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये मँटाय टेओ या कॉलेज फुटबॉलपटूची आजी आणि प्रेयसी एकाच दिवशी वारल्याची हृदयद्रावक कहाणी मोठमोठ्या दैनिकांनी, वाहिन्यांनी चालवली. जानेवारी २०१३ मध्ये ‘डेडस्पिन’ या क्रीडा संकेतस्थळाने दाखवून दिले की ती प्रेयसी कधी अस्तित्वातच नव्हती. टेओने तिला पाहिले नव्हते, हे खरे. पण तिच्या मृत्यूची नोंद कुठे आहे हे इतक्या वार्ताहरांपैकी कुणीही तपासले नव्हते, हेही खरे. टिंगल झाली ती मात्र २१ वर्षांच्या पोराची.

आपल्याकडची नेहमीची बातमी घ्या. संध्याकाळी एफआयआरची प्रत येते. त्यातून उचलले जाते ते फिर्यादीचे वय, नोकरी, राहण्याचा भाग, ‘प्रेमात आंधळ्या’ हे विशेषण आणि रक्कम. ओळखू येईल एवढे सगळे त्यात असते. पैसे ज्या खात्यात गेले ते कोणत्या बँकेचे, कोणत्या शाखेत उघडलेले, महिन्याला पाच-दहा हजार घेऊन ते कुणी भाड्याने दिले, त्याची केवायसी कुणी केली आणि आज ते चालू आहे की बंद, यातले काहीच नसते. हे तपशीलही तपासाच्या कागदांत येतात. बातमीदाराने फक्त ते मागायचे असतात.